चासीतलं पाणी

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं, "बापू, काहीतरी गमतीदार लिहा. जुन्या जीपगाड्या, पर्यटक, वाळूत रुतणं, फजिती. दिवाळीत लोकांना हसायचं असतं." मी लगेच हो म्हटलं. गमतीला माझ्याकडे तोटा नाही. पण माझ्या पडवीत खुंटीला एक लोखंडी हूक टांगलेला आहे आणि लिहायला बसलं की तो बरोबर नजरेसमोर येतो. त्या हुकापायी एक तरणा माणूस गेला, आणि तो का गेला हे त्याच्या म्हाताऱ्या बापाला सांगायचं की नाही, हा प्रश्न येऊन पडला माझ्या अंगावर. तेव्हा गंमत आधी वाढतो. पोटभर घ्या. पुढे ताट रिकामं आहे.

माझं गॅरेज नाही. माझी वाडी आहे, बोर्ली पंचतनच्या अलीकडे, नारळ-सुपारीची. थोरला भाऊ मास्तर झाला, धाकटा बँकेत लागला, आणि मी सुपाऱ्या वाळत घालायच्या खळ्यावर जीप उघडून बसलो. आईने शेवटपर्यंत मला "याचं अजून ठरायचंय" म्हणूनच पाहुण्यांना दाखवलं. मी जुन्या फोर-व्हील जीप दुरुस्त करतो, आणि हौशी लोकांना सुधारून देतो. सुधारणं म्हणजे ब्रेक नवीन पद्धतीचे बसवायचे, स्टिअरिंग हलकं करायचं, पाटे बदलून गाडी वर उचलायची, पुढे दोर गुंडाळून ओढणारा विंच लावायचा. गाडी आजोबांची, गुडघे नातवाचे. हे सगळं मी वाडीतच करतो. इंजिन उतरवायला मला क्रेन लागत नाही; दोन माडांच्या मध्ये आडवा बीम टाकून त्याला साखळी लावलेली आहे. ते माड अजून नारळ देतात. फक्त त्या नारळांना डिझेलचा वास येतो असं बायकोचं म्हणणं आहे.

आणखी एक ओळख करून दिली पाहिजे. दर चैत्रात आमच्या गावच्या जत्रेला नाटक होतं आणि त्यात खलनायक मी असतो. मिशा माझ्या स्वतःच्या, हसणंही स्वतःचं. बायका मुलांना आत घेतात. त्यामुळे गिऱ्हाइकाला वाईट बातमी सांगायची वेळ आली की मला ती नुसती सांगता येत नाही. मी ती पेश करतो. एका पुण्याच्या डॉक्टरांना त्यांच्या गिअरबॉक्सची अवस्था मी अशी काही ऐकवली होती की ते म्हणाले, "बापू, मी नातेवाइकांना इतक्या वाईट पद्धतीने कधी सांगितलं नाही."

आता धंदा समजावून सांगतो. घाबरू नका, थोडकाच आहे. जीपचा कणा म्हणजे चासी. दोन लांब लोखंडी पेट्या, आतून पोकळ, आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. शिडी आडवी ठेवल्यासारखी. इंजिन, बॉडी, माणसं सगळं तिच्यावर बसतं. रंग, गाद्या, दिवे हा सगळा मेकअप. चासी गेली की गाडी गेली. आणि कोकणच्या किनाऱ्यावर चासी बाहेरून जात नाही, आतून जाते. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, गाडी नेली की खारं पाणी आणि रेती वरच्या फटींतून त्या पोकळ पेट्यांत शिरते. म्हणूनच बनवणाऱ्याने पेट्यांच्या खालच्या अंगाला बोटाएवढी भोकं ठेवलेली असतात. पाणी आत गेलं तर खाली गळून जावं. एवढंच त्यांचं काम. हे लक्षात असू द्या.

चासी तपासायला माझ्याकडे एक लहान हातोडी आहे. गाडीखाली झोपायचं आणि टोकापासून टोकापर्यंत ठोकत जायचं. लोखंड जिवंत असेल तर टणटण बोलतं. गंजलेलं असेल तर दप् म्हणतं आणि गप्प बसतं. बाहेरून रंग चकचकीत असला तरी आवाज खोटं बोलत नाही. गिऱ्हाईक शेजारी उभं असतं, आणि तो दप् ऐकला की न सांगता त्याचा चेहरा उतरतो. तिथे मलासुद्धा अभिनय करावा लागत नाही.

आता फजिती. हरिहरेश्वरच्या बाजूला एक साहेब आले होते. गाडी बघितली तर मी हात जोडले. चाकं माझ्या छातीपर्यंत, टपावर दिव्यांची माळ, इंजिनाला हवा घ्यायची नळी पार टपाच्या वर, म्हणजे नदीतून जाताना बुडायला नको. साहेबांनी हे सगळं घरी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मोबाइलवर बघून बघून स्वतः बसवलं होतं. आणि ते रुतले होते सपाट, ओल्या पुळणीवर. भरती चढत होती. मी गेलो, दोन हात पाठीमागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "टायरमधली हवा कमी केलीत?" ते म्हणाले, "हवा कशाला कमी करायची? एवढे महागाचे टायर आहेत." वाळूत हवा कमी केली की टायर पसरतो आणि गाडी तरंगते, हे त्या मोबाइलने त्यांना सांगितलं नव्हतं. हवा सोडली, दोर लावला, माझ्या चाळीस वर्षांच्या म्हाताऱ्या जीपने त्यांना बाहेर काढलं. साहेबांच्या सौभाग्यवतींनी त्याचा व्हिडिओ केला, तो त्यांनी अजून कुणाला दाखवला नसावा.

पण त्या दिवशी साहेब दोराच्या बाजूला कौतुकाने उभे राहिले होते, तेव्हा मी त्यांच्यावर खलनायकाच्या आवाजात ओरडलो होतो. दोर ताणला की त्याच्या आसपास माणूस नको. दोराच्या लांबीएवढं लांब जायचं. दोरावर मधोमध भिजवलेलं गोणपाट टाकायचं, म्हणजे तुटलाच तर वजनाने खाली पडतो. नायलॉनचा दोर तर रबरासारखा ताणतो, आणि त्याच्या टोकाचं लोखंड सुटलं की ते कुणाला विचारून जात नाही. हा माझ्या धंद्यातला एकमेव नियम आहे ज्यात मी कधी विनोद करत नाही.

घरच्या घरी गाडी सांभाळणाऱ्या लोकांबद्दल एक गोष्ट मी पाहिली आहे. माणूस आपल्या गाडीला आपल्याच धंद्याने दुरुस्त करतो. आमच्या आळीतल्या वाडीवाल्याने सायलेन्सर काथ्याने बांधला होता. तो जळला तर त्याने दुप्पट जाड काथ्या बांधला. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी प्रत्येक बटणाखाली सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती, हॉर्नखाली लिहिलं होतं, "गरजेपुरताच." लॉज चालवणाऱ्या एकाने जीपमध्ये गालिचा टाकला, पडदे लावले आणि गालिचाखाली साठलेल्या खाऱ्या पाण्यात त्याची फळी अशी कुजली की एक पाहुणा बसल्याजागी खाली उतरला. मी हे किस्से जत्रेत रंगवून सांगायचो. लोक हसायचे. मीही हसायचो.

धर्मा नाखवाही त्यातलाच. पण त्याचा किस्सा मला कधी माहीतच नव्हता, कारण त्याने गाडी माझ्याकडे कधी आणली नाही.

नाखवा म्हणजे होडीचा मालक. खाडीच्या तोंडाशी कोळीवाडा आहे, तिथला हा जुना नाखवा. सत्तरीला टेकलेला, काळा, रुंद, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या मागच्या क्षितिजाकडे बघणारा. त्याची होडी लाकडी. बाकीच्यांनी फायबरच्या घेतल्या तरी त्याने सोडली नाही. तिला तो थोरली म्हणायचा. आणि लिलावात घेतलेली एक सरकारी डिझेल जीप होती, तिला धाकटी. मासळी बोर्लीच्या बाजारात न्यायची, बर्फ आणायचा, आणि पावसाळ्याआधी थोरलीला पुळणीवर ओढून घ्यायचं, ही धाकटीची कामं. त्याचा एकुलता मुलगा मोरेश्वर ती चालवायचा. चाळिशीच्या आतला, हसरा, जत्रेत माझ्या प्रत्येक एंट्रीला शिट्टी मारणारा. त्याची बायको सुनंदा बाजारात मासळी विकायची.

नाखव्याचा आणि माझा संबंध नारळाचा. नारळी पौर्णिमेला दर्याला द्यायचा नारळ तो दरवर्षी आमच्याच वाडीतून न्यायचा. माझ्या वडिलांच्या वेळेपासून. निवडायला अर्धा दिवस घालवायचा. एकेक नारळ कानाशी धरून हलवायचा, आतलं पाणी कसं बोलतं ते ऐकायचा, मान हलवून खाली ठेवायचा. मी चिडवायचो, "नाखवा, दर्याला पाण्याची काही कमी आहे का?" तो म्हणायचा, "त्याला न्हाय रे. पन देनाऱ्यानं बघून द्यावं."

आणि दरवर्षी मी सांगायचो, की धाकटीला एकदा घेऊन या, खालून बघतो. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर होतं. "थोरलीला मी बघतो, धाकटीला पन मीच बघतो. तू नारळाला पानी घाल." वरून गाडी झकास दिसायची. दरवर्षी होडीला डांबर लावायचं त्याच दिवशी, त्याच ब्रशाने तो जीपच्या पोटालाही डांबर लावायचा आणि दोघींना एकाच ताटातून हळदकुंकू. काळी कुळकुळीत जीप पुळणीवर उभी राहिली की नजर लागावी. गंजाचा एक ठिपका दिसायचा नाही.

ती उन्हाळ्याची अखेर होती. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीच्या आधी सगळ्या होड्या वर घ्यायच्या असतात. हवामान लवकर बिघडलं आणि कोळीवाड्यात धांदल उडाली. धाकटीच्या मागच्या हुकाचे बोल्ट गंजून सैल झाले होते, म्हणून मोरेश्वर तिला बोर्लीला रमाकांत वेल्डरकडे घेऊन गेला. रमाकांत माझा जुना सोबती. अबोल माणूस, आमच्या नाटकाचा पडदा तोच ओढतो. त्याने मागच्या आडव्या पट्टीवर जाड प्लेट टाकली, हूक तिच्यावर भक्कम जोडला, आणि म्हणाला, बापूंकडून एकदा चासी ठोकून घ्या. मोरेश्वर म्हणाला, होड्या वर घेतल्या की नेतो, बाबांना मी समजावतो.

पुढचं मी ऐकलेलं आहे. मी तिथे नव्हतो.

पूर्वी होडी ओढायला अख्खा कोळीवाडा लागायचा. खाली तेल लावलेले ओंडके, दोन्ही बाजूंना माणसं, पुढे दोर धरून माणसं, आणि आरोळीच्या तालावर एकेक हात होडी वर. जीप आली आणि दोर ओढणारी माणसं मोकळी झाली. पण आपली जागा कुणी सोडली नाही. होडीच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, उभं राहून दोरावर हात ठेवायचा मान घरच्या कर्त्या मुलाचा; जीप ओढत असली तरी तो मान तसाच राहिला. त्या दिवशी होडी भिजून जड झाली होती. म्हणून नाखवा म्हणाला, गाडीवर मी बसतो. मोरेश्वर नाळेशी उभा राहिला. मधे नायलॉनचा जाड दोर.

धाकटीने जोर लावला, चाकं फिरली, वाळू उडाली. आणि मग गाडी एकदम हलकी होऊन पुढे सुटली. नाखव्याला वाटलं, होडी आली. तो मागे न बघता मोठ्याने हसला आणि ओरडला, "आली, आली!" तो ओरडत होता तेव्हा मागे सगळे गप्प झाले होते.

हूक, प्लेट आणि मागची आडवी पट्टी, सगळं एका तुकड्यात उखडून दोराबरोबर मागे गेलं होतं. मोरेश्वरला छातीवर लागलं. दवाखान्यात नेताना श्रीवर्धनच्या वाटेवरच तो गेला.

पोलीस आले, पंचनामा झाला, अपघात अशी नोंद झाली. पण गावाला अपघात पुरत नाही, गावाला माणूस लागतो. हूक सुटला, हूक कुणी जोडला, रमाकांतने. चार दिवसांत रमाकांतच्या दुकानासमोर कुणी थांबेना. कुणीतरी त्याचं गॅसचं सिलिंडर रस्त्यावर फेकलं. त्याच्या मुलीला शाळेच्या वाटेवर कुणीतरी काहीतरी बोललं. तो माझ्याकडे आला, पडवीच्या पायरीवर बसला आणि फक्त एवढंच म्हणाला, "बापू, माझा जोड सुटत नाही रे." मग त्याने स्वतःच्या दोन हातांकडे असं बघितलं, जणू ते कुणा दुसऱ्याचे आहेत.

कोळी जमातीच्या पंचांनी ठरवलं, की बापूने गाडी बघावी आणि जमातीपुढे सांगावं. ट्रॉलीवर घालून धाकटी माझ्या वाडीत आणली. रमाकांत सोबत होता. मी गोणपाट अंथरलं, हातोडी घेतली आणि खाली शिरलो.

पहिल्याच ठोक्याला दप्. पुढे दप्. डांबराचा काळा थर तेवढा चासीच्या आकारात उभा होता, आत लोखंड म्हणून जे होतं ते पापुद्रे. बोट दाबलं तर आत गेलं. रमाकांतचा जोड मी पाहिला. तो शाबूत होता. प्लेट शाबूत, हूक शाबूत. त्याच्या भोवतालची चासीच पोळीसारखी फाटून आली होती. रमाकांत सुटला, असं मनाशी म्हणत मी अंग वळवलं आणि ती भोकं शोधू लागलो. पाणी जायची भोकं.

एकही सापडेना. मी हाताने चाचपलं. जिथे भोक असायला हवं तिथे डांबराखाली बारीक गोल उंचवटा लागला. नखाने खरवडलं. आत कापूस होता. पिळून वात केलेला, तेलात भिजवलेला, बोथट छिन्नीने ठोकून ठोकून बसवलेला आणि वर राळ. लाकडी होडीच्या फळ्यांमधली फट बुजवतात तसा. दुसरं भोक, तसंच. तिसरं, तसंच. एकही चुकलेलं नव्हतं. मी आयुष्यात पुष्कळ लोकांचं काम खालून बघितलं आहे. इतकं सुंदर काम क्वचित पाहिलं. माणूस तासन् तास गाडीखाली पालथा-उताणा होऊन, छातीवर राळेचे थेंब पाडून घेत, एकेक भोक जिव्हाळ्याने बंद करत गेला होता. त्याच्या जन्मात भोक म्हणजे बुडणं. ज्याने कधी एक फट उघडी सोडली नाही, म्हणून ज्याची होडी कधी बुडली नाही, त्याने धाकटीलाही तशीच जपली होती. वरून पाणी येत राहिलं आणि खालची दारं बंद. वर्षानुवर्षं समुद्र तिच्या पोटात साठून राहिला.

मी बाहेर आलो. रमाकांतने माझा चेहरा पाहिला आणि तोही खाली जाऊन बघून आला. आम्ही दोघं माडाला टेकून बसलो. शेवटी मी म्हटलं, हे सांगितलं तर तुझ्यावर बोट दाखवायला कुणी उरणार नाही. तो म्हणाला, "जोड माझा सुटला नाही एवढं सांग. बास झालं मला. बाकीचं म्हातारा कुठं ठेवील?"

दुसऱ्या दिवशी कोळीवाड्यातल्या देवळासमोर जमात बसली. मी हूक घेऊन गेलो होतो. आयुष्यभर प्रेक्षक बघून ज्याला चेव येतो तो मी, त्या दिवशी बसूनच बोललो. हूक सगळ्यांच्या हातून फिरवला. हा रमाकांतचा जोड, बोट फिरवून बघा, कुठे तडा आहे का सांगा. हे त्याच्या भोवतालचं लोखंड, हाताने मोडून बघा. लोकांनी मोडून बघितलं. ते मोडलं. एका पंचाने विचारलं, "मंग लोखंड कशानं गेलं, बापू?"

नाखवा ओट्याच्या कडेला बसला होता, माझ्या मागच्या क्षितिजाकडे बघत.

"खाऱ्या पाण्यानं," मी म्हटलं.

ते खरं होतं. लोकांनी माना हलवल्या. खारं पाणी कुणाचं काय काय नेतं हे तिथे कुणाला समजावायला नको होतं. दोन पंच उठून रमाकांतजवळ गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. त्याचं दुकान पुन्हा चालू झालं. सुनंदाने टोपली डोक्यावर घेऊन पुन्हा बाजार धरला. धाकटीला न्यायला मात्र कुणी आलं नाही. ती माझ्या वाडीतच, माडांखाली राहिली, आणि तिच्यावर पाऊस पडत राहिला. हूक परत द्यायला मी विसरलो असं मी सगळ्यांना सांगतो.

श्रावणात, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी नाखवा आला. मला वाटलं, या वर्षी येणार नाही. पण आला. मी चटकन आत जाऊन नारळ बाहेर काढले, पडवीत मांडले. त्याने तिकडे बघितलं नाही. पायरीवर बसला, चहा नको म्हणाला.

"काल बोर्लीत गेलेलो," तो म्हणाला. "एक टेम्पो धूत व्हते. खालनं पानी गळत व्हतं. भोकातनं. मी बसून बघत व्हतो."

मी मांडलेले नारळ पुन्हा सरळ करू लागलो.

"आपल्या धाकटीला बी व्हती तशी. त्याच जागी." मग त्याने पहिल्यांदाच क्षितिज सोडून माझ्याकडे पाहिलं. "कशाला असतात रे ती, बापू?"

मला संवाद आठवत नाही असं तीस वर्षांत रंगमंचावर झालेलं नाही. मी म्हटलं, कारखान्यात गाडी बनवताना पकडायला ठेवतात. नंतर त्यांचा काही उपयोग नसतो. चांगल्या सहज आवाजात म्हटलं. वर थोडा हसलोसुद्धा.

नाखवा माझ्याकडे बघत राहिला. "नाटकात बरा खोटं बोलतोस," तो म्हणाला. "हितं न्हाय जमत."

तो उठला. कमरेला बोथट छिन्नी आणि लाकडी मोगरी खोचलेली होती. तो नारळासाठी आलाच नव्हता. पावसात चालत धाकटीजवळ गेला, गुडघ्यावर बसला, मग हळूहळू आडवा होऊन खाली सरकला. त्याला भोक शोधावं लागलं नाही. कुठे आहे ते त्याच्या हाताला पाठ होतं. मी शेजारी ओणवा झालो. त्याने छिन्नी लावली आणि मोगरीचे ठोके ऐकू आले, हलके, ओळखीच्या कामाचे. राळ तडकली. त्याने चिमटीत धरून कापसाची वात बाहेर ओढली आणि बोटांत दाबून बघितली.

"कोरडा हाय अजून," तो म्हणाला. त्याच्या आवाजात क्षणभर जुना कारागीर होता.

मग पाणी आलं. आधी दोन थेंब, मग धार. तांबडं, जाड, रेतीसकट. त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत उतरलं आणि त्याच्या छातीवर पडायला लागलं. तो बाजूला झाला नाही. ती धार संपेपर्यंत तळहात खाली धरून तसाच पडून राहिला. मग त्याने ओलं बोट जिभेला लावलं. दोन महिने पाऊस त्या गाडीवर कोसळत होता.

"खारं हाय," तो म्हणाला.

एकेक करून त्याने सगळी भोकं उघडली. लावली होती तितक्याच निगुतीने, एकही न चुकवता. कापसाच्या वाती एका बाजूला ओळीने ठेवल्या. सगळं झाल्यावर माझा हात धरून उठला. मी विहिरीवरून बादली आणली, त्याने हात धुतले, छाती धुतली. जाईल असं वाटलं. पण तो पडवीपर्यंत आला.

"नारळ दे," तो म्हणाला. "द्यायला तर लागंलच."

मी नारळांच्या राशीपासून बाजूला झालो. त्याला नेहमी वेळ लागतो. तो वाकला, हाताला पहिला आला तो नारळ उचलला, काखेत धरला आणि पावसातून खाडीच्या वाटेला लागला. त्याने तो कानाशी नेऊन हलवून बघितला नाही.